ट्रे नसलेला प्लेअर

रविवारी दुपारी आमच्या घरात कोणता सिनेमा लागणार, हे फक्त एका माणसाला ठाऊक असतं, आणि तो माणूस म्हणजे माझे सासरे. जेवणं उरकली की ते आपल्या खोलीत जातात, कपाटासमोर बराच वेळ उभे राहतात आणि एक डबी काखेत दडवून बाहेर येतात. आम्ही पडदे ओढून तयार असतो. ते आमच्याकडे पाठ करतात, डिस्क प्लेअरमध्ये घालतात, रिकामी डबी पुन्हा काखेत मारतात आणि खुर्चीत येऊन बसतात. नाव विचारायचं नाही. विचारलं तर म्हणतात, "कळेल की. एवढी घाई कुठे चाललीय?" लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा पोरखेळ वाटला होता. आता एखादा रविवार बुडाला तर पहिली चिडचिड माझीच होते.

सासऱ्यांना ओळखीचे सगळे लोक कानसेन म्हणतात. सिनेमांच्या आवाजाचं काम करण्यात त्यांची हयात गेली. त्या काळी आवाज फितीवर असायचा. नको तो खोकला, नको ती खुर्चीची कुरकुर फितीतून ब्लेडने कापून काढायची आणि उरलेली दोन टोकं अशी जोडायची, की ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. त्यांच्या कानाच्या कथा आमच्याकडे उठताबसता चालतात. न्हाणीघरातला नळ गळतोय हे त्यांना गॅलरीत बसून कळतं. दारात कोण आलंय ते बेल वाजायच्या आधी चपलांवरून कळतं. माझा नवरा तर वडिलांच्या कानाची जाहिरात करायचा विडा उचलल्यासारखा वागतो. भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालंय त्याचं.

आणि मी? मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. दिवसभर चाळीस पोरांचा कालवा ऐकून माझे कान बधिर झालेत. मोबाईल वाजला तर मी दार उघडायला जाते. या घरात कानाच्या बाबतीत मी ढ, हे सर्वमान्य आहे, आणि मलाही त्याचं काही वाटत नाही.

तर झालं असं की जुन्या प्लेअरचा ट्रे तुटला. बटण दाबल्यावर ड्रॉवरसारखा बाहेर येतो आणि ज्याच्यात डिस्क ठेवायची, तो ट्रे एका बाजूला लोंबायला लागला. "जुनाच झाला होता," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

नवऱ्याला निमित्तच हवं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, आमच्याकडे तर हौसेला जागाही लागत नाही. आठवड्याभरात बैठकीच्या खोलीत पाच स्पीकर, सोफ्याच्या कोपऱ्यात धडधडणारा एक मोठा खोका आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा ॲम्प्लिफायर येऊन बसला. माझ्या कुंड्या गॅलरीत हद्दपार झाल्या. राहिला फक्त प्लेअर.

"खरं तर प्लेअर हवाच कशाला?" तो म्हणाला. "सगळं नेटवर मिळतं आता. बाबा, तुम्ही नुसतं नाव सांगायचं, मी बसल्याजागी लावून देतो."

"नाव सांगून?" बाबांनी विचारलं.

एवढंच विचारलं. पण त्यांचा चेहरा असा उतरला, की नवऱ्याच्याही ते लक्षात आलं. "बरं बरं, प्लेअर घेऊ," तो घाईने म्हणाला. "पण निवडणार तुम्ही. कानसेन घरात असताना आम्ही कोण टिकोजीराव लागून गेलोय?"

मग शनिवारी दुपारी आमची वरात दुकानांतून फिरायला लागली. काखेतल्या पिशवीत बाबांची एक आवडती डिस्क. दुकानात शिरलं की नवरा आधी विक्रेत्याला वडिलांच्या कानाचं माहात्म्य ऐकवायचा. विक्रेता बिचारा अदबीने प्लेअर जोडायचा. बाबा त्याच्याजवळ जायचे, ट्रे उघडायचा, बाबा क्षणभर थांबायचे आणि डिस्क विक्रेत्याच्या हातात द्यायचे. "तुमचं यंत्र, तुम्हीच लावा." मग डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. एका प्लेअरचे खालचे सूर, त्यांच्या भाषेत बास, चिखलात रुतले होते. दुसऱ्यात माणसं नाकातून बोलत होती. तिसऱ्याच्या आवाजाला म्हणे कडेकडेने खरखर होती. नवरा मान डोलवायचा. मला तिन्हींत बोलणारी माणसं तीच आणि तशीच वाटायची, पण आमच्या मताला विचारतो कोण.

असे दोन शनिवार गेले, आणि त्यामागचे दोन रविवारही. रविवारी जेवण झाल्यावर बाबा सवयीने खोलीत जायचे. कपाट उघडल्याचा आवाज यायचा. डब्या काढायचे, पुसायचे, परत लावून ठेवायचे आणि रिकाम्या हाताने बाहेर यायचे. पडदे ओढायचं काही कारण नसायचं, त्यामुळे खोलीत लख्ख उजेड असायचा आणि त्या उजेडात आम्ही तिघं पाहुण्यांसारखे बसायचो. बाबांसाठी चहा ओतला तर तो समोर निवत राहायचा. हल्ली ते गरम चहा घेतच नव्हते. सगळे उठून गेले की सावकाश पिऊन टाकायचे.

तिसऱ्या शनिवारी आम्ही शिंप्याच्या दुकानामागच्या गल्लीत एका लहानशा दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवत होती. चष्मा डोक्यावर, गळ्यात मोजपट्टीसारखी लोंबणारी वायर, आणि बोलणं मोजकं. नवऱ्याने कानमाहात्म्य सुरू केलं, तेव्हा तिने "हो का" म्हटलं आणि तीन प्लेअर शेजारी शेजारी मांडून एकाच ॲम्प्लिफायरला जोडले. पहिल्यात डिस्क तिनेच घातली. बाबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "खालचे सूर बसलेत. चिखल आहे."

बाईने भुवई उचलली. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी गाडी काढायला हाका मारायला लागलं आणि नवरा किल्ली घेऊन पळाला. बाबा दुसऱ्या प्लेअरकडे वळले. बाई माझ्या जवळ सरकली.

"राग येणार नसेल तर एक विचारू?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचे सासरे खरंच आवाजाच्या कामात होते?"

"पस्तीस वर्षं. का हो?"

"मग मला कोडं पडलंय. हे तिन्ही प्लेअर एकाच जातीच्या डिजिटल वायरने जोडलेत. प्लेअर डिस्कवरचं वाचतो आणि पुढे देतो, बस. आवाज तयार करतो तो ॲम्प्लिफायर, आणि तो तर एकच आहे. पोस्टमन बदलला म्हणून पत्रातला मजकूर बदलतो का? तिन्हींचा आवाज एकच येणार. हे त्यांना माहीत नसेल असं होणार नाही."

मी बाबांकडे पाहिलं. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही अशा समजुतीत ते उभे होते. दुसऱ्या प्लेअरचा ट्रे बाहेर आलेला. उजव्या हातात, बोटांच्या टोकांवर कडेने धरलेली डिस्क. हात पुढे गेला आणि मनगटापासून थरथरायला लागला. डिस्कची कड ट्रेवर टिकटिक करत आपटत राहिली. एकदा ती तिरपी बसली, त्यांनी बोटाने सारखी करायला पाहिली, तर ट्रेला धक्का लागला आणि तो डिस्कसकट आत जाऊ लागला. बाबांनी घाईने डिस्क ओढून घेतली. डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट पकडलं आणि टेबलावर टेकवून ठेवलं. टेकवल्यावर हात शांत झाला. ट्रे रिकामाच आत गेला. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "याचाही बास काही खरा नाही."

त्या प्लेअरमधून अजून एक सूरही वाजला नव्हता.

माझ्या वर्गात दरवर्षी एखादं पोर असतं, ज्याला अक्षर वळवता येत नाही. ते कधी म्हणत नाही की मला येत नाही. म्हणतं, बाई, पेन्सिल चांगली नाही. बाई, बाक हलतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण हसून म्हणतो आणि पुढे जातो. दुकानात उभ्या उभ्या मला तीच म्हण आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. या माणसाला नाचता येत होतं हो. आयुष्यभर केसाएवढ्या अंतरावरून फीत कापत आले ते. आम्ही सगळे त्यांच्या कानांचं कौतुक करत बसलो आणि ब्लेड धरणाऱ्या हाताकडे कुणी पाहिलंच नाही.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. तुटलेला ट्रे. निवणारा चहा. बटणांचे सदरे कपाटात गेले आणि डोक्यातून घालायचे आले, ते. गेले काही महिने डिस्क पुसताना मला कडेला दिसणारे ओरखडे, ज्यांचा ठपका मी कपाटातल्या धुळीवर ठेवला होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

भीती नवऱ्याची. तो वाईट असता तर सोपं होतं. तो फार चांगला आहे, आणि मदत करायला लागला की समोरच्याच्या हातात काही उरू देत नाही. माझा पाय मुरगळला होता तेव्हा त्याने मला पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने पिऊ दिलं नव्हतं. बाबांच्या हाताचं कळलं असतं तर त्याच क्षणी म्हणाला असता, बाबा, तुम्ही आरामात बसा, मी लावतो. आणि मग त्याला डिस्क द्यावी लागली असती, डबी दाखवावी लागली असती, नाव सांगावं लागलं असतं. आरामात बसलेला एक म्हातारा प्रेक्षक, एवढंच बाबांचं उरलं असतं. तेवढं होऊ नये म्हणून तर ते दुकानामागून दुकान, प्लेअरमागून प्लेअर नापास करत सुटले होते.

अंगण वाकडं आहे ना, मी मनात म्हटलं, मग अंगणच बदलू.

"ट्रे नसलेला असतो का हो एखादा प्लेअर?" मी बाईला विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, टेबलावर टेकवलेल्या बाबांच्या हाताकडे पाहिलं. डोक्यावरचा चष्मा नाकावर आणला आणि ती आत गेली. बाहेर आली ती धूळ बसलेलं खोकं घेऊन. आतला प्लेअर काळा, बुटका, आणि त्याच्या तोंडाला ट्रे नव्हता, नुसती एक लांब फट होती.

"डिस्कची कड फटीला लावायची," ती बाबांना म्हणाली, "पुढे तो आपणच ओढून घेतो. आजकाल फार कुणी मागत नाही, म्हणून आत पडून होता."

तेवढ्यात नवरा आला आणि आल्या आल्या त्याने मोबाईलमध्ये डोकं खुपसलं. "अगं, याला लोक नावं ठेवतात. फटीतून धूळ जाते म्हणे. आणि लहान आकाराची डिस्क घातली तर अडकते."

"आपल्याकडे आहे का लहान आकाराची डिस्क?"

"नाही, पण उद्या घेतली तर?"

"उद्याचं उद्या. आधी ऐकून तर बघ."

बाबा प्लेअरसमोर उभे राहिले. या वेळी त्यांनी डिस्क बाईकडे दिली नाही. डाव्या हाताची दोन बोटं फटीच्या खाली टेकवली. उजवं मनगट टेबलावर ठेवलं आणि त्या दोन बोटांवरून डिस्क सरकवत नेली. कड एकदा वर लागली, एकदा बाजूला. मग प्लेअरने ती अलगद आत घेतली.

"घेतली," बाबा म्हणाले. इतक्या हळू, की ते स्वतःशीच होतं.

स्पीकरमधून जिन्यावरची पावलं यायला लागली, मग दार, मग कुणाचं तरी बोलणं. आम्ही ऐकत राहिलो. संपल्यावर सगळ्यांनी कानसेनांकडे पाहिलं.

"मला तर पहिल्यासारखाच वाटतोय," नवरा म्हणाला. तो अगदी खरं बोलत होता, हीच पंचाईत होती. "काय बाबा? चिखल आहे ना याच्यातही? मग त्यापेक्षा पहिलाच घेऊ. त्याला लोकांनी चांगलं म्हटलंय."

इतके दिवस बाबांना प्रत्येक प्लेअर नापास करणं सोपं होतं. हा पास करायचा तर कारण द्यायला हवं होतं, आणि तोच आवाज चांगला कसा झाला, ते मुलाला कसं सांगणार? "तसं बघितलं तर..." ते म्हणाले आणि अडले.

"कमाल आहे तुझी," मी नवऱ्याला म्हणाले. "केवढा फरक आहे. बास किती मोकळा झालाय."

बाई एकदम वायर गुंडाळायला लागली.

"तुला कळला बास?" नवऱ्याने विचारलं.

"का? मला काय कान नाहीत? पहिल्यात खालचे सूर चिखलात होते. यात कसे पाय धुऊन आल्यासारखे वाटतात." तोंडाला येईल ते बोलत होते मी, पण आता माघार नव्हती. "आणि कडेची खरखर तर नावाला नाही."

बाबा वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. आधी नवल होतं त्या बघण्यात. मग ते गेलं आणि काहीतरी दुसरं आलं, जे बघवेना, म्हणून मी फटीकडे बघायला लागले.

"सूनबाईला कान आहे," शेवटी ते म्हणाले. "हाच घे."

घरी येताना नवरा गाडीभर माझं कौतुक करत होता. संगतीचा परिणाम, म्हणत होता. बाबा मागच्या सीटवर खोकं मांडीवर घेऊन बसले होते.

रविवारी जेवणं झाली, पडदे ओढले गेले. बाबा काखेत डबी मारून बाहेर आले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. दुकानात जमलं ते घरात लगेच जमेना. काळोखात डिस्कची कड फटीच्या काठावर वाजत होती. एकदा. मग पुन्हा. बाबांची पाठ ताठ झाली. शेजारी नवरा चुळबुळला आणि अर्धवट उठलाच. "बाबा, मी देऊ का—"

मी दोन्ही पाय उचलून त्याच्या मांडीवर टाकले. "माझे पाय फार दुखतायत. दाब जरा."

"आत्ता?"

"आत्ता. वर्गात उभं राहून राहून तुकडे पडलेत."

तो बिचारा पाय दाबायला लागला. पुढून पुन्हा एक टिक, मग थोडी शांतता, आणि मग प्लेअरने डिस्क आत ओढल्याचा तो बारीक आवाज आला. एरवी कानांच्या बाबतीत ढ असलेल्या मला तो स्पष्ट ऐकू आला. बाबा खुर्चीत येऊन बसले. डबी अजून काखेतच होती.

त्यांनी स्वतः काम केलेला सिनेमा लागला. मध्यावर दोन माणसं स्टेशनवर निरोप घेतात, बोलून गप्प होतात, पुन्हा बोलतात. "इथे एक जोड आहे," बाबा एकाएकी म्हणाले.

"कुठे?" नवऱ्याने विचारलं. "मला नाही ऐकू आला."

"ऐकू आला असता तर मी काय काम केलं?" बाबा म्हणाले. खूप दिवसांनी ते हसत होते.

सिनेमा संपल्यावर नवरा स्पीकरांची तोंडं इकडून तिकडे वळवत बसला. मी स्वयंपाकघरात चहा टाकला. बाबा मागोमाग आले आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसले.

"सगळ्याच प्लेअरचा आवाज एकच होता," ते म्हणाले.

"असेल. मला कुठे काय कळतं आवाजातलं."

"खोटं बोलताना तुझा आवाज चढतो. माणसांचे आवाज कापण्यात आयुष्य गेलं माझं, मला नको शिकवू." मग म्हणाले, "डॉक्टरांना दाखवून आलोय. गोळ्या चालू आहेत. वयाचं आहे म्हणाले. हात पुढे केला की थरथरतो, टेकवला की थांबतो. वाढेल हळूहळू."

"त्याला सांगायचं नाही?"

"गोळ्यांचं सांगेन. तू म्हणशील तेव्हा." ते ओट्यावर टेकवलेल्या आपल्या हाताकडे बघत होते. "पण एखाद्या रविवारी ती फटसुद्धा सापडायची नाही. त्या दिवशी मी तुला हाक मारेन. त्याला नाही, तुला. डिस्क मी काढेन, तू लाव."

"लावीन."

"नाव वाचायचं नाही."

"डोळे मिटून लावीन, बाबा."

त्यांनी मान हलवली. मी कप घेतले आणि चहा गाळायला लागले. त्यांचा कप नेहमीसारखा काठोकाठ भरणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अर्धाच भर गं. म्हणजे सांडणार नाही. गरम पिऊन खूप दिवस झाले."

मी अर्धा कप भरला. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो माझ्यासमोर प्यायला, आणि संपल्यावर मी उरलेला अर्धा ओतला.